माझा साडू आणि दोनशे आकडे

माझ्या साडूने आयुष्यात पेनापेक्षा जड काही उचललं नाही. चाळीस वर्षं जवळून बघितलंय, म्हणून खात्रीने लिहितो. त्याची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. तो थोरलीचा नवरा, मी धाकटीचा. दोघंही एकाच कारखान्यात. तो वरच्या मजल्यावर खुर्चीत, मी खाली भट्टीपाशी. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "थोरले जावई हापिसात आहेत." माझ्याबद्दल कोणी विचारलं की म्हणायच्या, "तेही तिथेच असतात."

कारखान्यात त्याला सगळे बाराखडी म्हणत. नोटिसा, पत्रं, अहवाल, लिहिण्याचं सगळं काम त्याच्याकडे. खुर्चीवर बायकोने शिवलेली उशी, टेबलावर तपकिरी कव्हरं घातलेले तीन जाडजूड शब्दकोश. एक वाक्य लिहायला तो तास घ्यायचा आणि तो तास कष्टात धरायचा. संध्याकाळी मान चोळत जिना उतरायचा. मी विचारायचो, "काय साडूभाऊ, आज किती टन झाले?" ते त्याला झोंबायचं. म्हणायचा, "शब्द बरोबर पडायला हवा. तुम्हाला त्यातलं काय कळणार!"

त्याने घर बदललं तेव्हा त्याचं लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायला आम्ही चौघं गेलो होतो. तो वर उभा राहून सूचना देत होता. जिन्याच्या वळणावर कपाट अडकलं. सगळं वजन माझ्या खांद्यावर आणि डाव्या पायाच्या अंगठ्यावर.

"थोडं तिरकं करा," तो म्हणाला. "नाही, तिरकं नाही. कलतं. म्हणजे अगदी कलतंही नाही, काय बरं म्हणतात त्याला..."

"भाऊजी, शब्द राहू द्या, हात लावा!" माझी बायको खालून ओरडली.

त्याने हात लावला नाही. तो खरोखर विचार करत होता. आम्ही कपाट वळवलं, वर नेलं, भिंतीला लावलं, घाम पुसला. तेव्हा त्याचा चेहरा उजळला. "कर्णरेषेत!" तो म्हणाला. माणूस ओळखायला मला तेवढा जिना पुरला.

तरी कपाटाची गोष्ट घरातली. भट्टीवरच्या मोजदादाच्या वेळी मात्र त्याने जे केलं ते मी आजवर गिळू शकलेलो नाही.

आमच्या खात्यात गिअर कडक करायचं काम चाले. जाळीच्या लोखंडी टोपलीत गिअर भरायचे, टोपली भट्टीत लाल होऊ द्यायची, बाहेर काढून होइस्टच्या साखळीला लटकवून तेलाच्या टाकीत सोडायची. बुडाली की दोनशे मोजायचे आणि उचलायची. लवकर उचलली तर गिअर आतून लाल असतात, वर येताना तेल पेटवतात. उशिरा उचलली तर गिअरला तडे जातात. दोनशे म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद.

खात्यात घड्याळ नव्हतं. पूर्वी दोन लावून झाली होती. तेलाच्या धुराने आधी काचा काळ्या पडल्या, मग काटे अडकले. बंद पेटीतलं घड्याळ द्या, असा अर्ज आम्ही वर पाठवला. उत्तर आलं ते फळ्यावर लावलं: 'अनुभवी मोजणीकार उपलब्ध असल्याने घड्याळाची निकड भासत नाही.' 'निकड भासत नाही' कुणाच्या पेनातून आलं, हे मला फळ्यापासून दहा पावलांवर कळलं.

अनुभवी मोजणीकार म्हणजे मोजदादा. एकतीस वर्षं तो टाकीच्या कठड्यापाशी उभा राहून मोठ्याने मोजत होता. पहिलं शंभर झालं की पान्याने कठड्यावर एक ठोका. दुसरं झालं की दोन ठोके आणि "उचल!" होइस्टचं बटण माझ्या हातात असे. मी फक्त ते दोन ठोके ऐकायचो. एकदा बाहेरून आलेल्या इंजिनिअरने मनगटावरच्या घड्याळाशी त्याची मोजणी ताडून बघितली. दोन सेकंदांचा फरक निघाला. मोजदादा म्हणाला, "साहेब, घड्याळ दुरुस्तीला द्या."

त्या दिवशी टोपली तेलात उतरता उतरता होइस्ट मध्येच अडकला. टोपली अर्धी आत, अर्धी बाहेर. तेल भडकलं आणि ज्वाळा छातीपर्यंत आल्या. मी बटण दोनदा सोडून दाबलं, टोपली खाली गेली, ज्वाळा बसल्या. मोजदादाच्या भुवया करपल्या होत्या. त्याने मोजायला सुरुवात केली. एक ठोका पडला. पुढे दोन ठोके पडले. "उचल!" मी उचललं. गिअर लालसर दिसले आणि टाकी पेटली. या वेळी आग छताला लागली. टाकीच्या झाकणापाशी उभ्या असलेल्याने ते ओढलं म्हणून आम्ही वाचलो. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

टाकीच्या तेलाचं तापमान एका कागदी पट्टीवर उमटत असे. ते यंत्र फोरमनच्या केबिनमध्ये, टाकीपासून दिसणारही नाही असं. पट्टीवर दहा-दहा सेकंदांचे चौकोन. साहेबांनी चौकोन मोजले. टोपली तेलात एक मिनिट पन्नास सेकंदच होती.

"मी दोनशे मोजले," मोजदादा म्हणाला. "एक आकडा गाळला नाही."

टाकीपाशी असलेल्या आम्ही बाकीच्यांनीही तेच सांगितलं. मी तर ऐकत होतो, ते माझं कामच. मला मोजणी रोजच्यासारखीच वाटली होती. आज कबूल करतो, जे त्याचं झालं तेच माझंही झालं होतं. त्याचे आकडे धावत होते आणि माझे कान त्यांच्या बरोबरीने धावत होते, मग फरक कळणार कुणाला?

साहेब म्हणाले, "पट्टीला खोटं बोलून काय मिळणार?" आणि अहवाल लिहायला बाराखडीला सांगितलं. अहवालात 'कारण' असा एक रकाना असतो. तिथे 'खोटी मोजणी' पडलं की मोजदादा बडतर्फ. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. राहती खोली कारखान्याची, तीही महिन्याभरात खाली करावी लागणार. पण खोलीचं तो एका शब्दाने बोलला नाही. मला एवढंच म्हणाला, "एकतीस वर्षं मोजलं रे. आणि शेवटी कागदावर काय, खोटं मोजलं?"

अहवाल येईपर्यंत तो कामावरून दूर. पण आमच्याकडे नियम असा होता की दूर केलेल्या माणसाने पाळीच्या वेळी यायचं, फाटकावर सही करायची आणि पाळी संपेपर्यंत फाटकाच्या आतल्या बाकावर बसायचं. काही करायचं नाही. पेपरही वाचायचा नाही. कामाचा माणूस मोडायचा असेल तर याहून चांगली युक्ती मला माहीत नाही. बाराखडी रोज सकाळी त्या बाकासमोरून आत जायचा, संध्याकाळी त्याच बाकासमोरून बाहेर पडायचा. मोजदादा उठून उभा राहायचा. हा मान हलवायचा.

चार दिवस झाले, अहवाल नाही. पाचव्या दिवशी सुट्टी होती. बाराखडी वही घेऊन माझ्या घरी आला.

"साडूभाऊ, एका शब्दावर अडलंय," खुर्चीत बसत तो म्हणाला. "माणूस दोनशे मोजतो, पूर्ण मोजतो आणि वेळ मात्र निम्माच गेलेला असतो. याला शब्द काय?"

"तुम्हीच सांगा. पगार त्याचा घेता."

त्याने वही उघडली. पानभर शब्द होते, एकाखाली एक, काही खोडलेले. "कालविपर्यास. पण तो फार मोठा होतो. कालभ्रम लिहिला, तर माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून घरी बसवतील. कालसंकोच लिहिला, तर साहेब विचारतील, कोण लाजलं होतं? घाई लिहावं, तर ती हयगयीत जमा होते."

"हे पान दादाला वाचून दाखवा," मी म्हणालो. "ऐकून ऐकून तो गुन्हा कबूल करेल. सुटेल तरी."

"चेष्टा करू नका. 'खोटी मोजणी' मी पहिल्या दिवशीच लिहू शकत होतो. नाही लिहिलं."

"मग काय, हार घालू?"

"भाऊजी, चहा गार होतोय," बायको आतून म्हणाली. म्हणजे, तुम्ही दोघं आवाज खाली करा.

मी आवाज खाली केला. "सरळ लिहा ना. घड्याळ नव्हतं."

तो कपात बघायला लागला. "ते या अहवालाच्या कक्षेत येत नाही."

"'निकड भासत नाही' कुणी लिहिलं?"

"मला सांगितलं ते मी लिहिलं."

"तुम्हाला सांगितलं काय होतं?"

"नको म्हणून कळवा, एवढंच."

"म्हणजे नकार साहेबांचा आणि कारण तुमचं. घड्याळाच्या खिळ्याला तुम्ही दादाला टांगलंत, साडूभाऊ. का, तर वाक्य चांगलं दिसावं म्हणून."

त्याने वही मिटली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, आता उठून जाईल. तो म्हणाला, "मला तिथे उभं राहून बघायचंय. ते कसं होतं ते."

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं कामाचं वाक्य. मी दुसऱ्याच दिवशी फोरमनला गाठलं. फोरमनलाही दादा परत हवाच होता. मोजायला बसवलेला नवा माणूस दर टोपलीला त्याला पट्टी बघायला केबिनमध्ये पळवत होता.

बाराखडी खाली आला तो इस्त्रीच्या शर्टात, नाकाला रुमाल लावून. आम्ही त्याला दादाच्या जागी कठड्यापाशी उभा केला आणि हातात पाना दिला. पाना त्याने दोन्ही हातांनी धरला. ठरलं असं की फोरमन केबिनमध्ये पट्टीवर नजर ठेवेल आणि वेळ झाली की शिट्टी वाजवेल. मी शिट्टीवरच उचलणार. बाराखडीने नुसतं मोजायचं.

भट्टीचं दार उघडलं. तो एक पाऊल मागे गेला. टोपली तेलात गेली, तेल उकळ्या मारत वर आलं, कडेने हातभर ज्वाळा निघाल्या आणि विझल्या. रोजचंच. धूर त्याच्या तोंडावर आला.

"मोजा!" मी ओरडलो.

त्याने मोजलं. आवाज आधी बारीक होता, मग चढत गेला. मी त्या वेळी घाबरलेलो नव्हतो, म्हणून मला ऐकू येत होतं. पन्नाशीपर्यंत बरं होतं. पुढे आकड्यांची शेपटं तुटायला लागली. 'सत्त्याण्णव'चा त्याने 'सत्तण' केला. शब्द बरोबर पडायला हवा म्हणणारा माणूस! एक ठोका मारला. दुसऱ्या शंभरात तर आकडे एकमेकांच्या पायात पाय अडकवून पडत होते. दोन ठोके.

"उचला!"

मी बटणावरचा हात हलवला नाही.

"उचला ना! झाले दोनशे!"

मी केबिनकडे बघत राहिलो.

"अहो साडूभाऊ, उचला! ऐकू येत नाही का? जळेल सगळं!"

शिट्टी नाही. तो एकदा माझ्याकडे, एकदा टाकीकडे बघत होता. रुमाल केव्हाच खाली पडला होता. बऱ्याच वेळाने शिट्टी झाली. मी उचललं. काळे गिअर तेल गाळत वर आले. फोरमन पट्टी फाडून घेऊन आला आणि बाराखडीच्या हातात दिली. त्याचे दोनशे दोन मिनिटांतच संपले होते. त्यानंतर तो ओरडत उभा होता, तो एक मिनिट वीस सेकंद.

"पण मी हळू मोजलं," तो म्हणाला. "मुद्दाम हळू मोजलं."

"दादाही तेच म्हणतोय," मी म्हणालो. "आणि त्याच्या भुवया जळाल्या होत्या. तुमच्या आहेत जागेवर."

तो पायरीवर बसला. शर्टाला तेल लागत होतं, तेही त्याला कळलं नाही. जरा वेळाने खिशातून पेन काढलं. मला वाटलं, आता लिहील. तर म्हणाला, "हेच. नेमकं हेच. याला शब्द काय म्हणायचा?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, सहा दिवस झाले! तीन कोश चाळलेत. माझ्या घरी येऊन चहा पिऊन गेलात. ज्याचं हे झालं तो बाकावर बसलाय. रोज दोनदा त्याच्यासमोरून जाता. त्याला विचारलंत?"

"त्याला?" तो म्हणाला. "तो तर आरोपी आहे."

खरं सांगतो, त्याच्या मनातही आलं नव्हतं. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याच्या हिशेबी शब्द वरच्या मजल्यावर राहतात आणि खालच्या माणसांकडे फक्त हात असतात.

मी त्याला दंडाला धरून फाटकाकडे नेलं. मोजदादा उठून उभा राहिला.

"बसा, बसा," बाराखडी म्हणाला आणि स्वतः त्याच्या शेजारी टेकला. वही काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "दादा, त्या दिवशी मोजताना काय झालं होतं?"

मोजदादाने आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"आकडे पातळ झाले, साहेब," तो म्हणाला.

"पातळ?"

"तेल थंड असताना कसं दाट असतं, हळू वाहतं. तापलं की पातळ होतं, हातातून पळतं. थेंब तेवढेच असतात. तसं झालं. आकडे दोनशेच होते, पण पातळ. त्या वेळी कळलं नाही. इथे बसल्यावर कळलं."

"इथे कसं?"

"इथे घट्ट झालेत ना. सहा दिवस मोजतोय. दुसरं करायला काय आहे? दोनशे म्हणता म्हणता घसा सुकतो, आणि फाटकावरच्या घड्याळात बघावं तर पाच मिनिटं होऊन गेलेली असतात."

बाराखडीने मांडीवरची वही उघडली. त्यातल्या पानभर शब्दांवर त्याने एक आडवी रेघ मारली आणि खाली 'पातळ' लिहिलं. पेनाला टोपण लावायचंही त्याला सुचलं नाही. मला दया आली नाही.

आणि तरी अहवाल वर जायला आणखी पाच दिवस लागले! शब्द मिळाला होता, पण त्याच्या आजूबाजूचं वाक्य मिळत नव्हतं म्हणे. दादा एकूण अकरा दिवस बाकावर बसला. त्यातले शेवटचे पाच बाराखडीच्या स्वल्पविरामांसाठी.

अहवालात असं होतं: 'मोजणाऱ्याने दोनशे आकडे पूर्ण मोजले. आगीजवळ मोजणी पातळ होते. मी स्वतः मोजून पाहिले, माझीही झाली. टाकीपाशी घड्याळ नव्हते.' साहेबांनी विचारलं, "पातळ? हा काय शब्द झाला?" त्यावर बाराखडी म्हणाला, "साहेब, बरोबर शब्द आहे." एवढं तो बोलला, हे मान्य करतो. पण घड्याळ नको असं पत्र कुणी लिहिलं होतं, ते वाक्य अहवालात नव्हतं. ते त्याने शेवटपर्यंत पोटात ठेवलं.

'खोटी' हा शब्द कुठेच आला नाही. मोजदादा बाराव्या दिवशी कामावर आला. आधी कठड्यावरचा पाना उचलून पुसला, कारण नव्या माणसाने तो तेलकट ठेवला होता. महिन्याभराने बंद पेटीतलं घड्याळही आलं. ते बघायचं काम फोरमनचं. दादा त्याच्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि मोजायचा. नियमाप्रमाणे मी घड्याळावर उचलायचं होतं. दोन ठोके आणि फोरमनची शिट्टी जवळपास बरोबरच यायची. पुढे-मागे झालीच, तर दादा शिट्टीकडे कपाळाला आठ्या घालून बघायचा. तो अकरा महिने मोजून, अकरा महिन्यांनीच निवृत्त झाला.

बाराखडीची निवृत्ती त्यानंतर चार वर्षांनी. सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. जुन्या लोकांनाही बोलावलं होतं. मी आणि दादा शेवटच्या रांगेत बसलो. माझी मेहुणी पुढे बसून आधीपासूनच डोळे पुसत होती. बाराखडी भाषणाला उभा राहिला. छत्तीस वर्षांत शब्दासाठी आपण कसा जीव आटवला, ते त्याने सांगितलं. मग म्हणाला, "एकदा काळाच्या एका विलक्षण अवस्थेसाठी मला शब्द हवा होता. अनेक रात्री झोप लागली नाही. आणि अखेर मला तो सापडला. पातळ!"

टाळ्या झाल्या. मी दादाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

बाराखडी पुढे बोलतच राहिला. आता तो शब्दकोशांवर आला होता.

"किती वेळ झाला रे?" दादाने विचारलं.

मी घड्याळ बघितलं. "बारा मिनिटं."

"फक्त?" तो म्हणाला. मग पुढच्या खुर्चीच्या पाठीवर बोटाने दोन ठोके मारले. "उचल."

आम्ही उठून बाहेर आलो.